हिरव्याला हिरवं

गोंदियाच्या बाजारात लाखोरी आली की मला बोलणं अवघड होतं. एरवीही मी फार बोलणारा माणूस नाही. पण पौषातल्या सकाळी स्टेशनाबाहेर पडावं, समोर ओल्या फडक्यावर हिरवा ढीग दिसावा, आणि त्यामागे बसलेल्या बाईने "ले लो भैय्या, लाखोरी ले लो, एकदम कवळी" असं अर्ध्या हिंदीत म्हणावं, की मी नुसती मान हलवतो. मी पुढे चालू लागतो. वास मात्र बसस्टँडपर्यंत सोबत येतो.

ज्यांनी लाखोरी पाहिली नाही त्यांना काय सांगू? धान अजून उभं असतं, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, ओल असते, तेव्हाच त्यात लाखोरीचं बी फेकून देतात. नांगर नाही, खत नाही, कोणी तिची विचारपूस करत नाही. धान कापून नेलं की धसकटांच्या मधून ती वर येते, उरलेल्या ओलीवर. महिन्या-दीड महिन्यात अख्खी बांधी अशी हिरवी होते की नुकत्याच सुन्या झालेल्या शेताला आपण सुनं का म्हणालो, असं वाटावं. पुढे तिला निळी फुलं येतात, शेंगा धरतात. तिच्या डाळीवर, लाखेच्या डाळीवर, पाय लुळे पडतात म्हणून एके काळी बंदी होती. भाजीवर बंदी घालायचं कोणाला सुचलं नाही.

भाजी म्हणजे कोवळे शेंडे. दोन बोटांच्या चिमटीत धरून खुडायचे. खुडलं की रोप बाजूने फुटतं आणि जास्त पसरतं. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. लाखोरी फुलावर येईपर्यंत कोणत्याही बाईने कोणाच्याही बांधीत शिरावं आणि ओटीभर खुडून न्यावं. विचारावं लागत नाही. नाही म्हणायची तर रीतच नाही. "खुडणारीच्या हातानं वाढते ते," असं बाई म्हणते. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. इटियाडोह धरणाच्या नहराकाठी, म्हणजे कालव्याकाठी, तिचं गाव आहे आणि तिथल्या तिच्या दोन बांध्यांमधली लाखोरी मी लहानपणापासून नसली तरी तिच्या लग्नापासून खात आलो आहे.

नहर सोडून शेताकडे वळलं की पौषात आमच्याकडे सगळंच हिरवं लागतं. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मिठात उकडतात, त्याची वाफ हिरवी. ओला हरभरा, तुरीचे दाणे. सांबार, म्हणजे बाकी महाराष्ट्राची कोथिंबीर, इतका स्वस्त की त्याच्या वड्या करायच्या. बाईच्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत लसूण आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय दुसरा मसाला लागत नाही. लाखोरीची भाजी तर कढईत पडताच एक कच्चा, किंचित कडू, पावसात भिजलेल्या गवतासारखा वास सोडते आणि मग लसणाखाली दबून राहते. दबून राहते, जात नाही.

मी नाशिककडे एका वाइनरीत काम करतो.

हे वाक्य मी सरळ असं कधी लिहिलं नव्हतं. गावात मी 'द्राक्षाच्या बागेत' असतो. ते खोटं नाही. बाग आहे, द्राक्षं आहेत, मी त्यांच्या जवळच राहतो. फक्त बागेच्या पलीकडे एक मोठी खोली आहे, तिथे लोक गाड्या घेऊन येतात, आणि मी त्यांच्या पेल्यात थोडी थोडी वाइन ओतून कशासोबत काय घ्यावं ते सांगतो. एरवी न बोलणारा माणूस तिथे बोलतो. पोटासाठी माणूस काय काय शिकतो.

त्यात एक पांढरी वाइन माझ्या विशेष जिव्हाळ्याची. सोविन्यों ब्लाँ असं तिचं नाव. नाव परकं असलं तरी वास परका नाही. द्राक्षं पुरती गोड व्हायच्या आत, पहाटेच्या थंडीत तोडली, की तिच्यात एक हिरवेपणा राहतो. कापलेलं गवत, ढोबळी मिरची, कधी कच्च्या आवळ्याची झाक. बाकीच्या वाइन हिरव्या भाजीसमोर बिथरतात. पालकासोबत तांबडी घेतली तर जीभ लोखंड चाटल्यासारखी होते. ही मात्र हिरव्यापाशी गेली की शांत होते. भाजीतला कडवटपणा तिच्या आंबटपणात विरतो, आणि तिचा हिरवेपणा भाजीच्या हिरवेपणाला हात देतो. आमच्या धंद्यात त्याचा साधा नियम आहे: हिरव्याला हिरवं. पुदिना, सांबार, वाटाणा, मेथीची कोवळी पानं, काही चालतं.

"डोळे मिटा," मी लोकांना सांगतो. "ताजा खुडलेला पाला आठवा." लोक डोळे मिटतात. त्यांना काय आठवतं कोण जाणे. बहुतेकांनी आयुष्यात काही खुडलेलं नसतं. मला बाईचे हात आठवतात. चिमटीची दोन बोटं, नखांच्या कडा हिरव्या-काळ्या झालेल्या, दवाने गार. माझ्या बहिणीच्या हातांचा वास मी वर्षानुवर्षं दारूला लावून विकत आलो आहे. दारू हा शब्द आमच्या खोलीत चालत नाही. "ही दारू नव्हे, वाइन आहे," हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मी ते इतकं चांगलं शिकलो की एका हिवाळ्यात ते खरं मानून बसलो.

त्या हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे म्हणून एवढा वळसा घेतला.

भाऊजी, म्हणजे बाईचे यजमान, उंच, सडपातळ, हसरे. धान बांधायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. त्यांनी आवळलेली पेंढी डोक्यावरून फेकली तरी सुटत नसे. आणि पीत असत. मोहाची. पीत असत म्हणजे कसे, ते बाईच्या गावातल्या लोकांना माहीत आहे, इथे सांगत नाही. पण त्या साली त्यांनी सोडली. नवीन तांदळाचा भात घरात पहिल्यांदा रांधतात त्या दिवशी सगळ्यांसमोर पहिला घास हातात धरून ते म्हणाले, "हा घास खातो, आता दुसरं काई तोंडात घालत नाई." बाईने ऐकलं आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. नंतर मला फोनवर म्हणाली, "बाबू, या साली लाखोरी पाहाले ये. लय दिवसानं घरात चांगलं आहे गा."

मी गेलो. सोबत एक बाटली नेली.

का नेली, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. भाऊजींनी मागितली नव्हती. त्यांना मी काय करतो हे नीटसं माहीतही नव्हतं. मला वाटत होतं, घरातल्या एका तरी माणसाने एकदा तरी पाहावं, मी काय करतो ते. आणि दुसरं, जे मला जास्त लाजवतं: मला लाखोरीसोबत ती वाइन चाखून पाहायची होती. कुठल्याही पुस्तकात नसलेली जोडी. एकट्याने चाखली असती तरी चाललं असतं. पण चाखून झाल्यावर "वा" म्हणायला समोर कोणीतरी लागतं.

शेताच्या कोपऱ्यात बोडी आहे, लहानसं तळं. सकाळी मी बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून तिच्यात ठेवली. हिवाळ्यात ते पाणी फ्रिजच्या वरताण गार असतं. दुपारी भाऊजी आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो. बाई घरी होती. दूरवर राघूंचा थवा बांधीवर उतरत होता, उठत होता. मी कोवळे शेंडे खुडले, मीठ लावून तळहातावर चुरले, आणि स्टीलच्या दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली.

"तुमच्या बागेतलं होय का हे, सालेसाहेब?"

"हो."

"दारू होय?"

"वाइन आहे भाऊजी. दारू नव्हे." वर मी म्हणालो, "आणि गिळायची नाही. आम्ही तोंडात फिरवून थुंकतो. नुसती चव पाहायची."

त्यांनी शेंडे चावले, घोट घेतला, गाल फुगवून फिरवला आणि लाखोरीत थुंकला. मग इतके हसले की राघू उडाले.

"थुंकाचीच होती तं तोंडात कायले घ्याची? भाताचा घास थुंकता का तुमी?"

दुसरा घोट त्यांनी गिळला. पुन्हा शेंडे चावले. तोंड वर करून, डोळे बारीक करून बसले. "हे तं लाखोरीच पिऊन राहिलो मी," ते म्हणाले. "सालेसाहेब, हे तं शेतच होय."

एवढ्या वर्षांत माझ्याकडे हजारो लोक आले असतील. त्या वाइनबद्दल याहून खरं कोणी बोललेलं नाही. तेव्हा मला अभिमान वाटला होता. तशी जोडी पुन्हा कधी जमली नाही. मिठाचा एक कण, शेंड्याचा कडवटपणा, बोडीची थंडी, आणि त्यावर तो हिरवा आंबट घोट. चांगली आठवण वाईट असू शकते हे मला त्या दिवसामुळे माहीत आहे.

बाटली संपली. मी थुंकलो, ते प्याले. थुंकता येणं हा धंदा आहे. तो तोंडाला शिकवावा लागतो. ज्या माणसाने अख्ख्या शरीराशी भांडून सोडली आहे त्याला मी म्हणालो, चव घ्या आणि थुंका. अशी चूक साधा दारूविक्याही करत नाही. त्याला ठाऊक असतं आपण काय विकतो ते.

दुपारी भाऊजी घरी जाऊन झोपले. संध्याकाळी टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीवर, गेले. टोल्यावर फुलवंता राहायची, आताही राहते. मोहाची फुलं वेचायची, तेंदूपत्त्याच्या दिवसांत पुडके बांधायची, आणि मागच्या अंगणात दारू काढायची. भाऊजी तिच्याकडून अंधार पडता पडता परतले ते भिंतीला धरून.

सकाळी बाई टोल्यावर गेली, मी तिच्यामागे गेलो. तिने फुलवंताचं मडकं अंगणात उपडं केलं. आंबलेल्या मोहाचा तो जड गोड वास सगळ्या टोल्यावर पसरला.

"माह्या माणसानं सोडली होती व. तुवा पाजली त्याले!"

फुलवंता भक्कम बांध्याची, ठेंगणी बाई. तिने पदर खोचला आणि शांतपणे सांगितलं, "मी पाजली, नाई म्हणत नाई. पण माह्याकडे आला तवाच तो पिऊन आलता. पहिली माही नव्हे. कोनाची होती ते त्यालेच इचार."

"खोटारडी! दारूवाली अजून काय सांगन?"

गोळा झालेले लोकही तेच म्हणाले. दारूवालीवर कोण विश्वास ठेवणार? मी अंगणाच्या काठाशी उभा होतो. माझ्या बागेला, माझ्या इस्त्रीच्या शर्टाला कोणी विचारलं नाही. भाऊजींनीही बाईला कधी सांगितलं नाही. माझ्यासाठी सांगितलं नाही, हे उघड आहे. पुढे दोन पावसाळे ते होते, रोज पिऊन; मग नव्हते.

त्या हिवाळ्यानंतर बाईच्या लाखोरीत खुडायला गावातली कोणीही येते, फक्त फुलवंता नाही. जी रीत कोणी मोडत नाही ती बाईने एका बाईपुरती मोडली. फुलवंताने दारू काढणं केव्हाच बंद केलं. बचतगटाच्या बायका मागे लागल्या, शिवाय गुडघे गेले. आता ती लोकांच्या निंदणीला जाते. बाईच्या बांधीपाशी आली की धुऱ्यावरून वळसा घेते. तो वळसा मी दरवर्षी पाहत आलो. लाखोरीची भाजी दरवर्षी खात आलो. दोन्ही गोष्टी एका माणसाला करता येतात.

यंदा आमच्या शेफने 'हिरव्या चवींचा' एक बेत ठरवला. सगळे पदार्थ हिरवे, सोबत ती वाइन. कुठे तरी बोलता बोलता माझ्या तोंडून लाखोरी निघून गेली होती. "तीच आणा तुमच्याकडची," तो म्हणाला. "पाटीवर गावाचं नाव घालू." मी हो म्हणालो. सवयीने हो म्हणालो.

बाईला सांगितलं, बागेतल्या साहेबांच्या जेवणाला भाजी पाहिजे. ती खुलली. "आपली लाखोरी नाशिकले!" सकाळचं दव सुकल्यावर आम्ही दोघं बांधीत उतरलो, ती खुडायला, मी पिशवी धरायला. ती आता साठीकडे आली आहे, पण चिमटी तशीच. खुडताना तिची बोटं वर येतात, उजवीकडे जातात, पिशवीत रिकामी होतात, आणि या सगळ्यात ती बोलतच असते.

"साहेबाले सांग, जास्त शिजवू नका म्हणा. लसूण घाला. अन् पाणी नका घालू, ते आपलं पाणी सोडते." मग मान वर करून, "तू काऊन एवढा चुपचाप राहते गा बाबू? सायेब झाला का?"

पिशवी भरत आली होती. तेव्हा धुऱ्यावरून फुलवंता येताना दिसली. कमरेवर रिकामी टोपली, एक पाय ओढत. वळसा आता तिच्या गुडघ्यांना झेपत नसावा. ती सरळच आली. बाईने पाहिलं आणि ती ताठ झाली.

"तिकडून जाय. इथून नाई."

फुलवंता थांबली. पाय उचलून वळायला लागली.

मी कसं सुरू केलं ते मला आठवत नाही. आठवतं ते हे, की मी बाईकडे पाहत नव्हतो, पिशवीकडे पाहत होतो. म्हणालो, पहिली फुलवंताची नव्हती. माझी होती. थंड करून दिली, याच धुऱ्यावर. मी नाशिकला द्राक्षाची दारू पाजायचं काम करतो, बाई. ही भाजीही तिच्यासोबतच खायला नेतो आहे. दारू हा शब्द तोंडातून इतका सोपा निघाला की मलाच नवल वाटलं.

बाई खुडत राहिली. माझं सांगून झाल्यावरही थोडा वेळ तिची बोटं चालत होती. मग तिने विचारलं, "थंड कुठं केलती?"

"बोडीत."

"कोनत्या कोपऱ्यात?"

मी दाखवला. तिने त्या कोपऱ्याकडे नीट पाहून घेतलं, जणू तिथे अजून काही असेल.

"त्या दुपारी तो घरी आला तं तोंडाले लाखोरीचा वास येऊन राहिला होता," ती म्हणाली. "दुसरा काई वास नाई. मी म्हटलं, कच्ची भाजी चावून आला, पाहा लेकरावानी. मी हासली होती बाबू. मी हासली, अन् त्याले पांघरून टाकलं."

हिरव्याला हिरवं. नियम इतका पक्का बसला होता की बायकोच्या नाकालाही शिवण सापडली नाही. आम्ही खोलीत हेच तर शिकवतो, दोन चवी अशा मिळाल्या पाहिजेत की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळू नये.

"फुलवंता!" बाईने हाक मारली. फुलवंता धुऱ्यावरच उभी होती; तिने सगळं ऐकलं होतं. "ये व. खुड."

"आता कायले?" फुलवंता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता हिशेब होता. "फुलावर आली लाखोरी. निबर झाली."

"मधात कवळी आहे. बोडीकडं ओल आहे, तिकडं."

"मी तवाच सांगतलं होतं तुले."

"हो," बाई म्हणाली. "सांगतलं होतं तुवा."

याहून जास्त काही झालं नाही. फुलवंता एक एक पाय टाकत बांधीत उतरली आणि बोडीच्या अंगाला वाकली. बाई उठली, माझ्या हातातली भरलेली पिशवी घेतली, आणि तिच्या टोपलीत उपडी केली. सगळे शेंडे. शेवटचे चार आत चिकटले होते, ते पिशवी उलटी करून झटकले. फुलवंता "राहू दे, राहू दे" म्हणाली आणि टोपली मात्र तिने पुढे धरली.

मला वाटलं आपणही हात लावावा. मी वाकलो, एक शेंडा चिमटीत धरला.

"तू नोको खुडू," बाई म्हणाली.

मी सोडून दिला. धुऱ्यावर जाऊन बसलो. दोघी खुडत होत्या, एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर, पाठीला पाठ. ऊन कोवळं होतं. मोडलेल्या देठांचा वास हळूहळू माझ्यापर्यंत आला. तो कोणी अडवू शकत नाही.

निघताना बाईने डबा दिला. नेहमी देते. तीन कप्प्यांचा जुना स्टीलचा डबा आहे, तो पुढच्या साली परत आणायचा असतो. "पोचला की फोन कर," एवढंच म्हणाली, तेही नेहमीसारखंच. शेफला मी गोंदियाहूनच कळवलं की लाखोरी मिळत नाही, मेथी घ्या. "सीझन गया क्या?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

गाडीत बसल्यावर मी हात नाकाशी नेले. जुनी सवय. दरवर्षी नागपूर येईपर्यंत बोटांना वास असतो. यंदा साबणाचा होता.

मग डबा उघडला. एका कप्प्यात भात. दुसऱ्यात पोपटाच्या दाण्यांची उसळ. तिसऱ्यात दरवर्षी लाखोरी असते. यंदा तो धुऊन, पुसून कोरडा केलेला होता. त्यात लोणचं घालता आलं असतं, चटणी घालता आली असती. काही घातलं नव्हतं. मी भात आणि उसळ खाल्ली, तिन्ही कप्पे धुतले, आणि डबा पुढच्या साली न्यायच्या पिशवीत ठेवून दिला.